महामार्गाच्या कडेचे देशी गवत : सुरत परिसराचा विचार

मुंबई-दिल्ली राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सुरत जिल्ह्यात पलसाणा, कडोदरा आणि कामरेज या गावांजवळून जातो, आणि या भागातील बरीच जमीन काळी, म्हणजे पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी असल्यामुळे रस्त्याच्या भरावाचा उतार टिकवणे हे वृक्षलागवडीइतकेच महत्त्वाचे काम ठरते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर केले; तरीही लक्ष झाडांच्या संख्येवरच राहते आणि गवत उपेक्षित राहते, ही खेदाची बाब आहे.

मारवेल हे काळ्या जमिनीत सहज वाढणारे बहुवर्षायू गवत, म्हणजे एकदा रुजल्यावर त्याच मुळांतून दरवर्षी फुटणारे, मातीचा वरचा थर धरून ठेवते. वाळ्याची मुळे तर दोन-तीन मीटर सरळ खाली उतरतात. त्यांच्या जोडीला पिवळ्या फुलांचा तरवड, कुरडू आणि तेरडा लावल्यास मधमाश्या व फुलपाखरे यांना आसरा मिळतो. मात्र मारवेल उत्तम चारा असल्याने तो गुरांना रस्त्याकडे ओढून घेतो. म्हणून त्याची जागा महामार्गाच्या कुंपणाबाहेरच्या उतारावर असावी.

गुजरात सरकारने २०२३ मध्ये कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, हे पाऊल स्वागतार्ह होय. देशी वनस्पतींसाठी खास तरतूदही करता येते: अमेरिकेत १९८७ पासून महामार्ग सुशोभनाच्या संघीय निधीतील एक चतुर्थांश टक्का स्थानिक रानफुलांसाठी राखला जातो. सुरतेत गवताची कापणी पावसाळ्यानंतर, बी पिकून गळल्यावर करणे योग्य, कारण त्यामुळे पुढील वर्षाचे बी जमिनीतच राहते आणि उन्हाळ्यातील वणव्याचा धोकाही कमी होतो.