सांदण दरीची सहल: आभाळ वरचं नाही, मागचं बघा



मुलांच्या परीक्षा संपल्या की गटाच्या बैठकीत विषय निघतोच, यंदा सहल कुठे? देवदर्शन आपण नेहमीच करतो. आज सांगते सांदण दरीबद्दल. ती आहे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ. आपल्या कात्रपहून गाडी करून शहापूर, कसारा घाट, घोटी, तिथून भंडारदऱ्याच्या बाजूने साम्रदला पोहोचता येतं. पहाटे निघा. साम्रदला एक मुक्काम केलात तर दगदग होत नाही.

दरी म्हणजे काळ्या पाषाणाला पडलेली लांबच लांब भेग. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यातल्या चिरेत पावसाचं पाणी शिरत गेलं आणि हजारो वर्षांत चीर खोल होत गेली. आज दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कडे आहेत आणि काही ठिकाणी वाट इतकी अरुंद, की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो.

आता महत्त्वाचं. ज्या वाटेने आपण चालतो, तीच पाण्याची वाट आहे. पावसाळ्यात पठारावरचं सगळं पाणी याच भेगेतून कोकणात उतरतं, म्हणून तेव्हा तिथे जायचंच नाही. पण मे महिन्यात वळवाचा पाऊसही येतो. आत उभं राहिलं की आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. ती निळी असली, तरी मागे पठारावर पाऊस पडत असू शकतो. हे आपल्याला नवीन नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, ती आपल्या उल्हास नदीच्या पुरात. नदीला पाणी चढतं ते वरच्या अंगाला, कर्जतच्या डोंगरात पडलेल्या पावसानेही. दरीत तर पाण्याला पसरायला जागाच नसते.

म्हणून सकाळी लवकर दरीत उतरा आणि दुपारच्या आत बाहेर या. ढग जमले, गडगडाट ऐकू आला, तर पुढे जाऊ नका. गावातला वाटाड्या सोबत घ्याच, आणि तो "परत फिरा" म्हणाला की वाद घालायचा नाही. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. उन्हाळ्यात पाणी कमी होतं, तरी आधी खोली विचारा. पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून चढ-उतार आहे. साडी नको, पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले बूट घाला. गुडघेदुखी किंवा दमा असलेल्या मैत्रिणींनी तोंडापर्यंतच यावं. दरीच्या शेवटी खाली कोकणात दोर लावून उतरतात, तो आपला मार्ग नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर गटाची बचत सहलीला वापरू नका. वेगळी वर्गणी काढा आणि हिशोब वहीत लिहा. साम्रदच्या घरांमधून भाकरी-पिठलं मिळतं. माणशी दर आधीच फोनवर ठरवा, कारण तिकडे रेंज मिळेलच असं नाही. डबे बांधून नेण्यापेक्षा तिथेच जेवलो, तर चार पैसे तिथल्या बायकांच्या हातात पडतात. आणि प्लास्टिकची एकही पिशवी दरीत राहू देऊ नका, पहिल्या पावसात ती थेट खालच्या गावात जाते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तारीख ठरवा. ती मेअखेरची नको, एप्रिलमधलीच धरा.