ग्रेव्हिलिया : अल्प खतावर फुलणारे झुडूप

आपल्या उद्यानांतून दिसणारा ‘सिल्व्हर ओक’ हा मूळचा ऑस्ट्रेलियातील वृक्ष होय. त्याच्याच ग्रेव्हिलिया प्रजातीतील ‘रॉबिन गॉर्डन’ हे झुडूप मात्र सुमारे दीड मीटर उंच वाढते. क्वीन्सलंड राज्यातील मायाल पार्क येथे दोन जातींच्या संकरातून ते निर्माण झाले. त्याचे लाल तुरे जवळजवळ वर्षभर फुलतात व मकरंद सेवन करणाऱ्या पक्ष्यांना आकर्षित करतात.

ऑस्ट्रेलियातील प्राचीन, झिजलेल्या जमिनींत स्फुरद अत्यल्प असते. ते शोषून घेण्यासाठी या झुडपास बारीक मुळ्यांचे दाट झुबके फुटतात. अशा झुडपास सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा वा कोंबडीखत दिल्यास स्फुरदाचा अतिरेक होऊन पाने करपतात व प्रसंगी झुडूप मरते. खत देण्यापूर्वी झाडाची मूळ भूमी जाणून घेणे, हे जोपासनेचे पहिले सूत्र होय.

लागवडीसाठी भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. बियांपासून मूळ गुण हमखास उतरत नाहीत. यास्तव अभिवृद्धी छाट कलमांनीच करावी. सुकलेले तुरे वेळोवेळी छाटावेत. पानाफुलांच्या स्पर्शाने काहींच्या अंगावर पुरळ उठते. म्हणून हे झुडूप वाटेपासून दूर लावणे इष्ट.