लिलावातील दागिन्याचा कस कसा पाहाल?

पेण : सोन्याचा दागिना घ्यायचा तर ओळखीच्या सराफाची पेढी गाठायची, हा पेण-रोह्यातील कुटुंबांचा शिरस्ता. ऑनलाइन लिलावात मात्र दिसते ते केवळ छायाचित्र. २२ कॅरेटचा म्हणून घेतलेला दागिना १८ कॅरेटचा निघाल्यास दाद कोठे मागायची?

याचा विचार बोली लावण्यापूर्वीच करावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून सराफांनी विकावयाच्या हॉलमार्क दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे. २२ कॅरेटसाठी ‘९१६’, तर १८ कॅरेटसाठी ‘७५०’ हा अंक असतो. एचयूआयडी क्रमांक विक्रेत्याकडून मागून घेऊन ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो.

हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरल्यास फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई व तपासणीशुल्क देण्याची तरतूद ब्युरोच्या २०१८ च्या नियमांत आहे. विक्रेता मुंबईचा असो वा जयपूरचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

व्यापारी नसलेल्या व्यक्तीने विकलेला घरातील जुना दागिना मात्र या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तेथे बोली जपूनच लावावी.