पाण्यावरील स्लालम आणि पायाचा घोटा

अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत पेपिन नांवाचें सरोवर आहे. तेथें १९२२ सालीं राल्फ सॅम्युएलसन या तरुणानें पायांस दोन लाकडी फळ्या अडकवून, मोटारहोडीला बांधलेला दोर हातीं धरून, पाण्यावरून घसरत जाण्याचा प्रयोग सिद्धीस नेला. या खेळांतील ‘स्लालम’ नांवाचा प्रकार फार कठीण. त्यांत दोन्हीं पावलें एकाच फळीवर, एकामागें एक असतात. होडी सरळ मधून जाते, आणि खेळाडूनें नागमोडी वळणें घेत दोन्हीं बाजूंच्या सहा तरंगत्या गोळ्यांस बाहेरून वळसा घालावयाचा. पुरुषांच्या सामन्यांत होडीचा वेग ताशीं ५८ किलोमीटरपर्यंत नेतात. त्यापुढें दोर आखूड करीत जातात. गोळे मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर, आणि दोर तर अखेरीस त्याहूनही तोकडा! उरलेलें अंतर अंग व हात लांबवूनच भरून काढावें लागतें.

पाणी मऊ, त्यांत पडल्यानें काय होणार, असें पुष्कळांस वाटतें. परंतु पाणी हवेच्या सुमारें आठशेंपट दाट आहे. फळीचें टोंक त्यांत रुतलें कीं फळी जागच्या जागीं अडते. अंग मात्र सेकंदास सोळा मीटरांच्या वेगानें पुढें जाऊं पाहतें. या दोहोंच्या मध्यें सांपडतो तो घोटा.

त्याची घडण पाहण्यासारखी आहे. नडगीचें हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचें बारीक हाड यांची खालीं एक खाच बनते. सुतार खाचेंत लाकूड बसवितो त्याप्रमाणें तींत घोट्याचें हाड बसलेलें असतें. हें हाड पुढच्या बाजूस अधिक रुंद आहे. म्हणून चवडा खालीं झुकला असतां सांधा सैल असतो, आणि जिन्यावर पाय मुरगळतो तो बहुधा अशा स्थितींत. उलट, गुडघा वांकवून नडगी पुढें झुकविली कीं रुंद भाग खाचेंत घट्ट बसतो. स्लालम खेळणाऱ्याचा पुढचा पाय असाच असतो. मग पिळा बसला तर सांध्यास सरकावयास जागा नाहीं. सारा जोर हाडांवर आणि त्या दोन हाडांस एकत्र बांधणाऱ्या बंधनांवर येतो. ही दुखापत साध्या मुरगळण्याहून फार सावकाश बरी होते. अंग पुढें फेंकलें जाऊन टाच अडकून राहिली, तर टाचेवरील जाड शीर ताणते, कधीं तुटतेही.

पाय फळीस किती घट्ट बांधावा, हा यांतील खरा पेंच. सैल बांधला तर वळणावर ताबा राहत नाहीं. घट्ट बांधला तर पडतांना सुटत नाहीं. माझ्या मतें सर्वांत वाईट तें अर्धवट सुटणें. मागचें पाऊल पट्ट्यांतून निसटलें व पुढचें अडकून राहिलें, म्हणजे पांच-साडेपांच फुटांची फळी एकाच घोट्यावर तरफेसारखी फिरते. यास्तव कांहीं खेळाडू दोन्हीं बूट एकाच पत्र्यावर बसवितात. जोर बसतांच तो पत्रा सबंध सुटतो.

प्रेषितांच्या कृत्यांत मंदिराच्या दारावरील पांगळ्याची हकीकत आहे. तेथें लूक पावलांबरोबर घोट्यांचाही निराळा उल्लेख करितो. तो वैद्य होता, हें अशा ठिकाणीं ध्यानांत येतें!

आमच्या विद्यार्थ्यांस ती फळी क्वचितच लाभेल. पण फुटबॉलचें मैदान रोजचें आहे. घोटा दुखावला असतां लगेच तेल लावून चोळूं नये, ओढूं तर मुळींच नये. थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. कानडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. घोट्यापाशीं दुखत असून चार पावलेंही टाकवत नसतील, अथवा घोट्याच्या दोन्हीं उंचवट्यांपैकीं एकाच्या मागच्या कडेस वा टोंकास हाड दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरणांचें चित्र काढून घ्यावें. सूज उतरल्यावर, वैद्याच्या अनुमतीनें, भिंतीजवळ एका पायावर तोल सांवरण्याचा रोज सराव करावा. ताणलेल्या बंधनांचें तोलाचें भान त्यानेंच परत येतें.