मूत्रपिंडरोपण आणि दृष्टीचे रक्षण

एका शरीरातील मूत्रपिंड दुसऱ्या शरीरात बसविण्यापेक्षा ते तेथे टिकविणे अधिक कठीण असते. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी रोपण एकरूप जुळ्या भावांमध्ये झाले होते. त्यामुळे ग्राहकाच्या शरीराने नवा अवयव परका मानला नाही. इतरांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती अशा अवयवावर हल्ला चढविते. तिला आवर घालणाऱ्या औषधांत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडला आजही महत्त्वाचे स्थान आहे. परंतु मूत्रपिंडाचे रक्षण करणारे हेच औषध डोळ्यांना अपाय करू शकते.

हा अपाय मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला मोतीबिंदू. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांमध्ये तो होत असल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६० साली दाखवून दिले. हा मोतीबिंदू भिंगाच्या मागील आवरणालगत, प्रकाशाच्या वाटेवरच तयार होतो. प्रखर उजेडात बाहुली आकुंचन पावली की नेमका हाच डाग आड येतो. त्यामुळे झाशीसारख्या शहरातील रुग्णाला बुंदेलखंडाच्या कडक उन्हात अंधुक दिसू लागले, तर तो दोष उन्हाचाच असे त्याला वाटण्याचा संभव असतो. सुदैवाने शस्त्रक्रियेने ही दृष्टी बहुधा परत मिळते.

दुसरा अपाय काचबिंदूचा. डोळ्याच्या पुढील भागात सतत पाझरणारा द्रव बुबुळाच्या कडेजवळील सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. काही व्यक्तींमध्ये स्टेरॉइडमुळे या जाळीतील अडथळा वाढतो, डोळ्यातील दाब चढतो आणि दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू निकामी होतो. डोळा बहुधा दुखत नाही. दृष्टिक्षेत्र कडेकडून आक्रसत जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणूनच तक्रार उद्भवण्यापूर्वीच दाब मोजून घेणे अत्यावश्यक ठरते.

झाशीतील रुग्णाला रोपणासाठी लखनौ किंवा दिल्ली गाठावी लागली, तरी डोळ्यांच्या तपासणीसाठी दर वेळी इतका प्रवास करण्याचे कारण नाही. डोळ्यातील दाब मोजणे आणि बाहुली विस्फारून भिंग व दृष्टिपटल पाहणे ही कामे नेत्रतज्ज्ञ गावातच करू शकतो. मात्र आपले मूत्रपिंडरोपण झाले आहे आणि आपण स्टेरॉइड घेत आहोत, हे रुग्णाने त्याला आवर्जून सांगितले पाहिजे. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजरेसमोर काळे ठिपके तरंगू लागले, तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. डोळ्यांच्या भीतीने स्टेरॉइड आपल्या मनाने कमी करणे किंवा बंद करणे घातक ठरते. त्यायोगे रोपण केलेले मूत्रपिंडच गमवावे लागेल. मात्रेचा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञानेच करावयाचा असतो. औषध नियमाने घ्यावे आणि डोळेही नियमाने तपासून घ्यावेत. मूत्रपिंड व दृष्टी ही दोन्ही राखण्याचा मार्ग हाच आहे.