सुताचे बळ शेतात ठरते

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहावयास आले, आणि वर्धा व चरखा यांचे नाते अधिक घट्ट झाले. चरख्यावरचे सूत वरचेवर तुटू लागले, की कातणारा आधी आपल्या हाताला दोष देतो, मग पेळूला. पण पुष्कळदा दोष त्याआधीचा असतो. तंतूत किती बळ यावे, हे काही महिन्यांपूर्वी, पऱ्हाटी फुलावर असतानाच बरेचसे ठरून गेलेले असते. ज्या जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस १९ व्या शतकात चांगल्या धाग्यासाठी नावाजलेला होता, तेथील नागरिकांनी तरी हे समजून घेतले पाहिजे.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी होय. फूल उमलते त्याच सुमारास ती वाढू लागते. पहिले २०-२५ दिवस ती मुख्यतः लांब होते. फुग्यात हवा भरावी, तसे आतले पाणी तिच्या पातळ भिंतीला रेटीत असते. नेमक्या या दिवसांत पावसाने मोठा खंड पाडला, तर रेटा कमी पडतो आणि तंतू आखूड राहतो. पुढील तीन-चार आठवडे भिंत आतून जाड होत जाते. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेपासून सेल्युलोजचे थर बसतात. या वेळी पाने सुकली, लाल्याने तांबडी पडली किंवा रात्री फार गार झाल्या, तर थर अपुरे राहतात. असा तंतू लांबीला बरा दिसतो. पण तो कच्चा असतो, त्याच्या गाठी होतात आणि तो रंगही नीट धरीत नाही.

आता कोणी म्हणेल, वर्ध्याला वर्षाकाठी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, मग ताण कसला? पण पिकाला बेरीज कळत नाही, वेळ कळते. बरड जमिनीत आठ-दहा दिवसांच्या उघाडीने पऱ्हाटी मान टाकते. उलट भारी काळ्या जमिनीत झड लागली, की पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि पाण्यात उभे असूनही झाड कोमेजते. दोन्ही प्रसंगी झाड पाती व कोवळी बोंडे गाळून टाकते. सगळीच पोसता येत नाहीत, म्हणून थोडी तरी पिकवावीत, असा जणू त्याचा हिशेब असतो. शेतकऱ्याचा हिशेब मात्र तेथेच चुकतो.

उपाय फार दूरचे नाहीत. डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडल्या, तर थोड्या पावसाचे पाणी मुरते व जास्तीचे वाहून जाते. विहिरीला अथवा शेततळ्याला पाणी थोडेच असेल, तर ते फुले व बोंडे धरण्याच्या काळासाठी राखावे. त्या वेळच्या एका ओलिताची बरोबरी नंतरची दोन करू शकत नाहीत.

बाजारात बोंडातला कापूस हातात घेऊन तंतू ताणून पाहतात आणि ‘माल हलका आहे’ म्हणून भाव पाडतात. तो तंतू तसा का झाला, हे तेथे कोणी विचारीत नाही. आपण तरी विचारावे. ज्याला आपण हलका माल म्हणतो, त्यात पुष्कळदा शेतकऱ्याची हयगय नसते; भाद्रपदात न आलेला एक पाऊस असतो.