तीन पिढ्या, एक बोट

"या सुट्टीत सगळे मिळून बोटीने गोव्याला जाऊ या," असे आम्ही कतीफहून फोनवर सांगितले, तेव्हा रत्नागिरीला थोडा वेळ शांतता पसरली. मग आईंचा आवाज आला, "रामदास विसरलात वाटतं?"

रामदास बोट 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आईंचा जन्म त्याच वर्षीचा. कोकणातल्या त्या पिढीने ही हकीकत पाळण्यातच ऐकली. बाबांचे मात्र नेमके उलटे. साठच्या दशकात नोकरीसाठी मुंबईला ते बोटीनेच ये-जा करत. भाऊच्या धक्क्यावर गर्दीत घुसायचे, डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची आणि बंदर आले की पडावात उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद. पुढे ती वाहतूकच थांबली, पण बाबांच्या बोलण्यातली बोट काही थांबली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते दोघे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. संध्याकाळी कतीफच्या कॉर्निशवर नेले, तारूत बेट दाखवले, मासळीबाजारही झाला. बाबा म्हणाले, "पाणी छान आहे रे, पण लाट कुठे आहे?" तेव्हाच आमच्या डोक्यात क्रूझची कल्पना शिरली.

आधी इकडच्या बोटी पाहिल्या. सौदीची स्वतःची 'अरोया' बोट डिसेंबर 2024 मध्ये जेद्दाहून सुरू झाली. पण जेद्दा आपल्यापासून तेराशे किलोमीटरच्या वर. शिवाय बोट दुसऱ्या देशात जाणार असेल, तर आईवडिलांचा व्हिसा सिंगल एंट्री की मल्टिपल हा प्रश्न आलाच. मुंबई-गोव्याला व्हिसाची भानगड नाही. या मार्गावर ऑक्टोबर 2018 मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली होती, ती पुढे बंद पडली. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीने मुंबईहून क्रूझ सुरू केल्या. शाळांची मोठी सुट्टी नेमकी पावसाळ्यात येते, म्हणून आम्ही हिवाळ्याची छोटी सुट्टी धरली. आम्ही चौघे, पुण्याचे भाऊ-वहिनी व त्यांचा मुलगा आणि आई-बाबा असे नऊ जण.

आता आमची चूक सांगतो. वर्षातून एकदाच भेट, म्हणून एकही तास वाया जाऊ नये असे ठरवून आम्ही कागदावर वेळापत्रक केले होते. सकाळी सगळ्यांनी नाश्ता, मग सगळ्यांनी पोहण्याचा तलाव, मग सगळ्यांनी पत्ते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई दमल्या, मुले रुसली आणि जावाजावांचे बोलणे हो-नाहीवर आले. शेवटी बाबाच म्हणाले, "आम्हाला भेटायला आलात की आमची परेड घ्यायला?"

कागद फाडला. रात्रीचे जेवण तेवढे एका टेबलावर, बाकी ज्याला जे हवे ते, असे ठरले. गोव्यात मुले समुद्रावर गेली आणि आम्ही गाडी करून आईंना मंगेशीला नेले. परत आल्यावर आई तंबोला खेळायला बसल्या आणि एक ओळ जिंकून आल्या. रामदासचे नाव पुन्हा निघाले नाही.

गोव्याहून परततानाची रात्र आमच्या लक्षात राहील. बाबा जेवण होताच डेकवर जाऊन उभे राहिले. त्यांना समुद्रातून रत्नागिरी पाहायची होती. सोबतीला आमची चौदा वर्षांची मुलगी. तिने मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून घेतला होता. मध्यरात्र उलटल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आता आपण बरोबर रत्नागिरीसमोर आहोत." उजवीकडे नुसता काळोख आणि मच्छीमारांचे चार-दोन दिवे. किनारा दिसलाच नाही. पूर्वीची बोट काठाकाठाने बंदरे घेत जायची, ही लांबून जाते.

आम्हाला वाटले, बाबा हिरमुसतील. पण ते त्या काळोखाकडे बोट दाखवून नातीला सांगू लागले. इथे भगवतीचा किल्ला, इथे दीपगृह, इथे पडाव लागायचा. लाट वर आली की उडी मारायची, खाली गेली की थांबायचे. पहिल्या पगाराची साडी डोक्यावर बांधून ते कसे उतरले, हेही त्या रात्री कळले. ती साडी आईंची नव्हे, आजीची. हे आम्हीसुद्धा कधी ऐकले नव्हते. कसे ऐकणार? दर सुट्टीत आम्ही बँक, दवाखाना, लग्नकार्ये आणि खरेदी यांतच असतो.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. वर्षाला एक सुट्टी, हा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकाने मनात कधीतरी केलेलाच असतो. तो करून नुसते हळहळण्यापेक्षा, त्यांचे पाय चालत आहेत तोवर तिकिटे काढावीत.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी:

1. वडीलधाऱ्यांची केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ मागा. तिथे हेलकावे कमी जाणवतात. बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. आवळासुपारी असू द्या.

2. औषधे आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा येतात.

3. पैशांचे आधीच मोकळेपणी ठरवा. आमच्याकडे तिन्ही घरांनी आपापले भरले. बाबांनी हट्टाने स्वतःचे भरले, आणि आम्ही भरू दिले.

4. निघण्यापूर्वी एक्झिट-रीएंट्रीची तारीख पाहा आणि बोटीनंतर दोन दिवस हाताशी ठेवा.

आणखी काही विचारायचे असल्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर भेटा. फोटो घेऊन येऊ. रत्नागिरीचा मात्र एकही नाही, नुसता काळोख आला आहे.